खाटेपाशी विचारलेले प्रश्न

1999 साली बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाची पथकं तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावोगाव जाऊ लागली. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर वेळेआधी हेरता येतो का, आणि हेरल्यामुळे बायकांचे जीव खरोखर वाचतात का, एवढंच त्यांना शोधायचं होतं. तीस ते एकोणसाठ वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रिया या अभ्यासात आल्या. गावांचे 52 समूह पाडले आणि कुठल्या समूहात कुठली तपासणी करायची हे सोडतीने ठरवलं. एका गटात एचपीव्ही या विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणं, आणि चौथ्यात मिळत होती तीच आरोग्यसेवा. तपासणी एकदाच करायची आणि पुढे आठ वर्षं लक्ष ठेवायचं, असा बेत होता.

निकाल 2009 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. विषाणूची चाचणी झालेल्या 34,126 स्त्रियांपैकी 34 जणी या कॅन्सरने दगावल्या, आणि कुठलीही तपासणी न झालेल्या 31,488 स्त्रियांपैकी 64. पुढच्या टप्प्यावर गेलेला कॅन्सर पहिल्या गटात 39 जणींना सापडला, चौथ्यात 82 जणींना. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यूंमध्ये अशी ठोस घट दिसली नाही. पॅप स्मिअर ही तेव्हा जगभर रुळलेली पद्धत होती, तरीही. आज जागतिक आरोग्य संघटना पहिली पसंती एचपीव्ही चाचणीलाच देते, आणि त्या शिफारशीमागे जो पुरावा उभा आहे, त्याचा एक मोठा भाग मराठवाड्यातल्या गावांतून आलेला आहे.

अलीकडच्या वैद्यकीय संशोधनाची ओळख करून देणाऱ्या या पुस्तकाची सुरुवात मी मुद्दाम इथून केली. ‘वैद्यकीय संशोधन’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर परदेशातली प्रयोगशाळा आणि सूक्ष्मदर्शकावर वाकलेला शास्त्रज्ञ येतो. पण औषध प्रयोगशाळेतून बाहेर पडल्यावर माणसाला त्याचा उपयोग होतो की नाही, हे ठरतं रुग्णाच्या खाटेपाशी, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओसरीवर, एखाद्या गावच्या अंगणवाडीत. ते ठरवण्यासाठी कुणीतरी नेमका प्रश्न विचारावा लागतो आणि हजारो अनोळखी माणसांनी त्यासाठी स्वतःला पुढे करावं लागतं. गेल्या काही वर्षांतलं वेगवेगळ्या शाखांमधलं काम वाचताना माझी एक खात्री होत गेली आहे: प्रश्न कोण विचारतो यावर उत्तर कुणाच्या कामाचं ठरणार हे अवलंबून असतं. ज्यांच्याकडे पैसा आहे ते आपले प्रश्न विचारतातच. आपले प्रश्न आपल्यालाच विचारावे लागतील.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातलं एक उदाहरण घेऊ. तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर आपल्याकडे तंबाखूमुळे किती पसरला आहे, हे मराठी वाचकाला सांगायला नको. आजार फार पुढे गेलेला असेल तर निव्होलुमॅब नावाचं इम्युनोथेरपीचं औषध काही महिन्यांचं आयुष्य वाढवतं, हे पाश्चात्त्य चाचण्यांनी आधीच दाखवलं होतं. त्याचा नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांना 240 मिलिग्रॅम. त्याचा खर्च आपल्याकडच्या बहुसंख्य रुग्णांच्या कुवतीपलीकडचा आहे, इतका की डॉक्टर त्याचं नावही काढत नाहीत. डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न असा विचारला: एवढा डोस लागतोच का? त्यांनी दर तीन आठवड्यांना फक्त 20 मिलिग्रॅम दिलं, म्हणजे ठरलेल्या मात्रेच्या जेमतेम सहा टक्के. सोबत मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि अर्लोटिनिब ही तोंडाने घ्यायची औषधं. 151 रुग्ण, सोडतीने पाडलेले दोन गट. नुसत्या गोळ्यांच्या गटात वर्षानंतर 16.3 टक्के रुग्ण हयात होते, अल्प मात्रेतलं इंजेक्शन जोडलेल्या गटात 43.4 टक्के.

या आकड्यांकडे बघताना एक भान ठेवायला हवं. कमी डोस हा पूर्ण डोसाइतकाच चांगला आहे, असं या चाचणीने सिद्ध केलेलं नाही, कारण पूर्ण डोस मिळालेला गटच तिच्यात नव्हता. तिने सिद्ध केलं ते एवढंच की काहीच न मिळण्यापेक्षा थोडं मिळणं पुष्कळ चांगलं. जिथे इम्युनोथेरपी परवडणारे रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, तिथे हेच उत्तर हवं होतं. औषध बनवणारी कुठलीही कंपनी हा प्रश्न विचारण्याची शक्यता नव्हती. आपल्या मालाचा खप अठरा पटींनी कमी करणारी चाचणी ती कशासाठी करील?

त्याच टाटा मेमोरियलमधून डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखालचा दुसरा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया सुरू करण्याच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन द्यायचं. लिग्नोकेन म्हणजे दातांचे डॉक्टर हिरडी बधिर करायला वापरतात ते. शस्त्रक्रियेच्या वेळी गाठीला धक्का लागतो, तेव्हा काही पेशी सुटून रक्तात जातात आणि शरीरात दुसरीकडे मूळ धरतात, अशी शंका शल्यविशारदांना फार दिवसांपासून होती. भुलीचं औषध या पेशींच्या हालचालीला आवर घालील का, हे पाहायचं होतं. भारतातल्या 11 केंद्रांवर जवळपास 1,600 स्त्रिया यात सहभागी झाल्या. पाच वर्षांनंतर इंजेक्शन न दिलेल्या गटात 86.4 टक्के स्त्रिया हयात होत्या, इंजेक्शन दिलेल्या गटात 90.1 टक्के. शंभरातल्या तीन-चार जणी जास्त, आणि त्यासाठी खर्च जवळजवळ नाहीच. माझ्या मते असा निकाल इतर देशांमध्येही पुन्हा तपासून पाहायला हवा. पण तो तपासण्यासाठी पैसा घालायला कुणी सहजी पुढे येत नाही, कारण या औषधावर कुणाचं पेटंट नाही.

बेळगावची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती आपल्या शेजारची असूनही आपल्याला फारशी ठाऊक नाही. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूंचं जगातलं एक सर्वांत मोठं कारण. इंजेक्शनं थंड जागी ठेवायची सोय नसलेल्या गावात एएनएमने, म्हणजे तिथल्या परिचारिकेने, काय करावं? बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर जिल्ह्यातल्या 1,620 स्त्रियांवर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांची चाचणी घेतली. 2006 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निकालानुसार अतिरक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आलं.

पण ही चाचणी करायची तर किती रक्त गेलं हे मोजणं भाग होतं, आणि ते तोवर कुणी नीट मोजतच नव्हतं. चादर किती भिजली, जमिनीवर किती सांडलं हे पाहून अंदाज बांधला जायचा. म्हणून तिथे पारदर्शक प्लॅस्टिकचं एक साधं पटल तयार झालं. ते बाळंतिणीच्या कमरेखाली सरकवायचं, त्याच्या पट्ट्या पोटाभोवती बांधायच्या, खाली निमुळत्या होत गेलेल्या पिशवीत रक्त साचतं आणि पिशवीवरच्या खुणांवरून किती मिलिलिटर झालं ते वाचता येतं. या पटलाशी ताडून पाहिल्यावर लक्षात आलं की डोळ्यांचा अंदाज सरासरी एक तृतीयांशाने कमी पडतो. म्हणजे बाई धोक्याच्या रेषेपलीकडे गेलेली असायची आणि आजूबाजूच्यांना वाटायचं की सगळं ठीक आहे.

पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतल्या 80 रुग्णालयांत ‘ई-मोटिव्ह’ नावाची मोठी चाचणी झाली. तिच्यात दोन लाखांहून जास्त बाळंतपणांचा समावेश होता. खुणा असलेलं असंच पटल वापरायचं आणि रक्त ठरावीक रेषेपर्यंत आलं की गर्भाशयाचं मर्दन, आकुंचनाचं औषध, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाइन आणि तपासणी हे सगळं एकेक करून वाट न पाहता एकदमच सुरू करायचं. 2023 मध्ये निकाल आले तेव्हा गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्याने मृत्यू होणं यांचं एकत्रित प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 1.6 टक्क्यांवर आलेलं होतं. त्यातलं एकही औषध नवं नव्हतं. वेळेवर कळणं आणि कळल्याबरोबर हात चालणं, एवढाच फरक. प्रसूतिशास्त्रातलं अलीकडचं सर्वांत मोलाचं संशोधन कुठलं, असं मला कुणी विचारलं तर मी या पिशवीचंच नाव घेईन.

क्षयरोगाबद्दलही असंच म्हणता येईल. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर बेडाक्विलिन आणि प्रेटोमॅनिड यांच्या आधारे सहा महिन्यांचे, निव्वळ तोंडाने घ्यायचे उपचार आले, ही मोठीच प्रगती. पूर्वी अशा रुग्णाला दीड-दोन वर्षं औषधं आणि महिनोन्महिने इंजेक्शनं घ्यावी लागत, त्यातून कित्येकांची श्रवणशक्ती जायची. पण झारखंडमध्ये 2019 ते 2022 दरम्यान डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारलेला प्रश्न औषधाचा नव्हताच. क्षयाच्या 2,800 रुग्णांना उपचारांसोबत महिन्याला शिधा दिला: तांदूळ, डाळ, दूधभुकटी, तेल. त्यातल्या निम्म्या घरांमध्ये इतर माणसांनाही माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली, उरलेल्यांत दिली नाही. कोणती घरं कुठल्या गटात, हे सोडतीने ठरलेलं. घरच्यांना शिधा मिळाला तिथे नव्याने क्षय होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी घटलं आणि फुप्फुसाच्या, इतरांना लागण करू शकणाऱ्या क्षयाचं 48 टक्क्यांनी. रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे इतके कृश होते की त्यांचा बॉडी मास इंडेक्स 16 च्या खाली होता. भुकेला माणूस आजारी पडतो हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं. पण सरकारी तिजोरीतून पैसा हलवायचा तर ‘ठाऊक आहे’ पुरत नाही, आकडा लागतो. तो आकडा आता हातात आहे.

आकडा हातात असूनही तो ऐकला जाईलच असं नाही, हे कोविडच्या काळात आपण फार जवळून पाहिलं. बऱ्या झालेल्या माणसांचा प्लाझ्मा दिल्याने उपयोग होतो का, हे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 39 रुग्णालयांतल्या 464 रुग्णांवर तपासलं. ऑक्टोबर 2020 मध्ये निकाल छापून आला: आजार बळावलेल्या किंवा दगावलेल्यांचं प्रमाण प्लाझ्मा दिलेल्या गटात 19 टक्के, न दिलेल्या गटात 18 टक्के. उपयोग नाही. तरी राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमधून प्लाझ्मा वगळला गेला तो मे 2021 मध्ये. मधल्या एप्रिलमध्ये पुण्या-मुंबईत, नागपुरात, नाशकात माणसं व्हॉट्सॲपवर रक्तगट टाकून प्लाझ्मा शोधत रात्रभर वणवण करत होती. त्यांना कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं.

उलट ब्रिटनमध्ये सरकारी रुग्णालयांनी ‘रिकव्हरी’ ही चाचणी रोजच्या रुग्णसेवेतच गुंफली. डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड दिल्याने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू 41.4 टक्क्यांवरून 29.3 टक्क्यांवर येतात, हे तिने अवघ्या तीन महिन्यांत दाखवलं. पण त्याच निबंधात आणखी एक ओळ होती. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना स्टेरॉइडचा काही फायदा दिसला नाही. त्यांच्यातले मृत्यू उलट थोडे जास्तच होते. ही ओळ आपल्याकडे पुरेशी वाचली गेली नाही. घरी राहून बरे होणाऱ्यांनाही स्टेरॉइडची चिठ्ठी लिहून दिली गेली. बेसुमार स्टेरॉइड आणि ताब्यात नसलेली साखर यांच्या जोडीने म्युकरमायकोसिस आला. कित्येकांचे डोळे गेले, जबडे काढावे लागले. चाचणीचं उत्तर अर्धवट ऐकणं न ऐकण्याइतकंच महाग पडतं.

हृदयरोगाच्या लेखात वाचकांना ‘ऑर्बिटा’ भेटेल. स्टेंट घातल्यावर छातीतलं दुखणं थांबतं, हे सगळ्यांनाच पाठ. पण थांबतं ते स्टेंटमुळे, की काहीतरी मोठं केलं या विश्वासामुळे? लंडनच्या डॉ. राशा अल-लामी यांनी 200 रुग्ण घेतले. सर्वांना टेबलावर घेतलं, गुंगीचं औषध दिलं, कानांवर संगीत लावलेले हेडफोन चढवले. निम्म्यांना स्टेंट घातला, निम्म्यांना घातला नाही, आणि कुणाला घातला हे ना रुग्णाला माहीत, ना नंतर त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांना. 2017 मध्ये निकाल आला: सहा आठवड्यांनी चालण्याच्या चाचणीतला फरक सोळा-सतरा सेकंदांचा, म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीने नसल्यात जमा. जगभरच्या हृदयरोगतज्ज्ञांमध्ये खळबळ उडाली. त्याच डॉक्टरांनी मग 301 रुग्णांवर दुसरी चाचणी केली. पहिल्या खेपेला सगळ्यांना भरपूर औषधं चालू होती. या वेळी दुखण्यावरची औषधं बंद ठेवली. 2023 च्या या निकालात स्टेंटने दुखणं खरंच कमी झालं. दोन्ही उत्तरं खरी आहेत. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला अँजिओप्लास्टी जीवदान देते, त्याबद्दल शंका नाहीच. पण आजार स्थिर असेल आणि औषधांनी भागत असेल, तर ‘लगेच स्टेंट घाला, नाहीतर काही खरं नाही’ या वाक्याला आधार नाही, एवढं नातेवाइकांनी समजून घ्यावं.

वजन आणि मधुमेहावरच्या नव्या इंजेक्शनांबद्दल सगळीकडे इतकं बोललं जातंय की मी एकच गोष्ट सांगून पुढे जातो. ‘सिलेक्ट’ या 17,604 लोकांच्या चाचणीत सेमाग्लुटाइडने हृदयविकार, पक्षाघात आणि हृदयरोगाने होणारे मृत्यू ‘20 टक्क्यांनी’ घटले, असं आपण वाचतो. मूळ आकडे असे: सव्वातीन वर्षांत औषध न मिळालेल्या शंभरांपैकी आठ जणांना असा प्रसंग आला, औषध मिळालेल्या शंभरांपैकी साडेसहा जणांना. दोन्ही विधानं बरोबर आहेत, पण निर्णय घेताना दुसरं उपयोगी पडतं. पुढच्या लेखांमध्ये शक्य तिथे दुसऱ्या प्रकारचे आकडे दिले आहेत ते म्हणूनच.

जनुकोपचार आणि पेशीउपचार या क्षेत्राला स्वतंत्र विभाग दिला आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेल्या कार-टी या कॅन्सरवरच्या पेशीउपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये भारतात मान्यता मिळाली आणि परदेशात तीन-चार कोटींना पडणारा उपचार त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात आला, ही अभिमानाची गोष्ट आहे. तरीही तीस-चाळीस लाख रुपये कुठल्या घरात पडून असतात?

आता एका अवघड विषयाकडे. धाराशिवच्या चौथ्या गटातल्या ज्या 64 जणी दगावल्या, त्यांची तपासणी का झाली नाही, हा प्रश्न पुढे अनेकांनी विचारला. तपासणीचा फायदा श्रीमंत देशांमध्ये सिद्ध झालेला असताना एका गटाला त्याविना ठेवणं योग्य होतं का? संशोधकांचं म्हणणं असं की त्या काळी त्या भागात कुणालाच ही तपासणी मिळत नव्हती आणि तिथल्या परिस्थितीत काय चालतं याचा पुरावाही नव्हता. मला दोन्ही बाजू कळतात, आणि तरी हा हिशेब माझ्या मनात जुळत नाही. एक मात्र स्पष्ट दिसतं. त्या स्त्रियांनी दिलेल्या उत्तराचा त्यांच्या लेकी-सुनांना उपयोग झाला असता, तर त्या ऋणाची थोडी तरी फेड झाली असती. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात तीस ते एकोणपन्नास वयाच्या दोन टक्क्यांहूनही कमी स्त्रियांची या कॅन्सरसाठी कधी तपासणी झाली होती.

लसीची हकीकतही याच वळणाची. 2009 मध्ये पुणे आणि बार्शीसह देशातल्या अनेक केंद्रांवर मुलींना एचपीव्ही लसीचे दोन डोस द्यावेत की तीन, हे पाहणारी चाचणी सुरू झाली. दरम्यान आंध्र प्रदेश आणि गुजरातमधल्या एका वेगळ्याच लसीकरण प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले. लसीशी त्यांचा संबंध आढळला नाही, पण संमती घेण्याच्या पद्धतीतल्या गंभीर उणिवा उघड झाल्या. एप्रिल 2010 मध्ये सरकारने सगळंच थांबवलं. त्यामुळे सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही, वर्षानुवर्षं तपासण्या चालू ठेवल्या. 2021 मध्ये दिसलं की एका डोसचं संरक्षण तीन डोसांच्या तोडीचं आहे. हा गट सोडतीतून आलेला नव्हता, म्हणून शंकेला जागा होती. केनियातल्या सोडतीच्या चाचणीने ती बऱ्याच अंशी मिटवली. डिसेंबर 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असं जाहीर केलं. गरीब देशांसाठी लसीकरण त्यामुळे कितीतरी सोपं झालं. पण आंध्र आणि गुजरातमध्ये संमती नीट घेतली गेली असती, तर हा सगळा गोंधळ टळू शकला असता, हेही तितकंच खरं.

म्हणून संशोधनात भाग घेण्याची वेळ वाचकांवर आली तर काय, याबद्दल थोडं सांगून थांबतो. तशी वेळ येईल, कारण मोठ्या रुग्णालयांमध्ये आता हे नेहमीचं होत चाललं आहे. भारतातली प्रत्येक क्लिनिकल ट्रायल ‘सीटीआरआय’ या सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते. 15 जून 2009 पासून ते बंधनकारक आहे आणि ही नोंदवही कुणालाही इंटरनेटवर पाहता येते. संमतीपत्र आपल्याला कळेल अशा भाषेत असलं पाहिजे, वाचता येत नसेल तर साक्षीदारासमोर वाचून दाखवलं पाहिजे, आणि त्याची प्रत घरी न्यायचा आपला हक्क आहे. कारण न सांगता केव्हाही बाहेर पडता येतं, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार अडवले जाऊ शकत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर 2019 च्या नियमांनुसार उपचार मोफत मिळतात, आणि भरपाईचीही तरतूद आहे. सही करण्याआधी आणखी एक प्रश्न जरूर विचारा: हा अभ्यास संपल्यावर निकाल आम्हाला सांगणार का? वैद्यकीय संशोधनाच्या नीतिनियमांबद्दलच्या हेलसिंकीच्या जाहीरनाम्याने सहभागी माणसांना तो निकाल जाणून घ्यायची संधी द्यावी असं म्हटलेलं आहे, त्यामुळे डॉक्टरांना हा प्रश्न विचारायला संकोच वाटण्याचं काही कारण नाही.